चेहरा एकाचा, रूप मंडळींचे

लग्नसराईत सांगली, मिरज, कराड किंवा सातारा इथल्या नवरीचा सजवलेला फोटो मोबाइलवर फिरू लागला की त्याखाली नावांची एक उतरंड दिसते. मेकअप अमुकचा, केशरचना तमुकची, साडी नेसवली कोणी, दागिने कुठल्या पेढीचे, आणि सगळ्यात शेवटी फोटो कोणाचा. ही रीत मुंबईच्या मासिकांकडून आणि सिनेमाकडून आली, गावाकडे पूर्वी असले काही नव्हते, असे सर्रास मानले जाते. ते मला पटत नाही. एका चेहऱ्यासाठी पाच-सात जणांनी आपापले कसब एकत्र आणायचे, कोणी रंग लावायचा, कोणी वस्त्र बसवायचे, कोणी उजेड सांभाळायचा, ही कामाची घडी याच सांगली-सातारा जिल्ह्यांत कॅमेरा पोचण्याआधी बसलेली होती. तिला ‘टीम’ म्हणत नसत. ‘मंडळी’ म्हणत. (हाच शब्द घरच्या कारभारणीसाठीही वापरला जाई. पुरुषांनीच नायिका व्हायचे दिवस होते, तेव्हा या योगायोगाची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.)

‘सांगली-सातारा’ असे जोडून म्हणण्यालाही कारण आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी हा मुलूख इंग्रजी अमलातला सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, औंध अशी संस्थाने यांत विखुरलेला होता. कलावंत आणि कारागीर या सरहद्दी रोज ओलांडत. पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कृती जाहीर झाली १८३९ मध्ये. ती इथवर पोचण्याआधी सांगलीत श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले १८४३ मध्ये. भाव्यांपुढची अडचण आजच्या सौंदर्य-छायाचित्रकाराच्या अडचणीपेक्षा फार वेगळी नव्हती. समोर आहे तो हाडामांसाचा एक पोरगा, आणि लोकांना दिसायला हवी सीता. मधले अंतर कोणी, कशाने, कोणत्या उजेडात भरून काढायचे? भावे स्वतः हाताने घडवणारे होते. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांच्या कुटुंबाने जपल्या. नुसत्या सुंदर मुलाने सीता होत नाही, ती घडवावी लागते, हे लाकूड तासणाऱ्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत नाटक कंपन्यांनी या घडवण्याची खाती पाडली. कपडेपट म्हणजे शालू-शेले, जरीचे अंगरखे, दागिन्यांच्या पेट्या आणि त्यांचा हिशेब ठेवणारा माणूस. रंगपट म्हणजे आरसे, टोप आणि रंगांच्या वाट्या. तालीम मास्तर हा चाल, मान आणि हात बसवणारा. पडदे रंगवणारे वेगळे, बत्त्या पाहणारे वेगळे. रंगपटातली वाटी जवळून पाहावी. पांढऱ्यासाठी सफेदा, पिवळ्यासाठी पिवडी, लालीसाठी हिंगूळ. आधी चेहऱ्याला खोबरेल लावायचे आणि त्यावर हे मिश्रण बोटांनी थापत न्यायचे, ते गळ्यापर्यंत, कानामागेपर्यंत, कारण कानामागची राहिलेली पट्टी पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला आधी दिसते. पिवडी किती हे बत्तीवर ठरे. मशाली आणि तेलाच्या दिव्यांच्या पिवळट उजेडात जे गोरेपण चाले, ते किटसनच्या पांढऱ्याफेक बत्तीखाली पिठासारखे दिसे. म्हणजे रंगवणाऱ्याला बत्तीवाल्याशी बोलून घ्यावेच लागे, आणि बत्ती बदलली की कपडेपटातला शालूही बदलावा लागे. आजचा फोटोग्राफर ‘आधी लाइट लावू, मग फाउंडेशन ठरवू’ म्हणतो, तेव्हा तो याच वाटाघाटीचा पुढचा अंक करत असतो.

या घडवणुकीचे सर्वांत झगझगीत फळ म्हणजे बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ मध्ये नागठाण्याचा. हे नागठाणे पलूस तालुक्यातले, सातारा शहराजवळचे महामार्गावरचे नागठाणे वेगळे. किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाल्यावर १९०५ मध्ये मिरजेत ते ‘शाकुंतल’मधली शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांना तालीम देणारे गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीलगतच्या हरिपूरचे. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या भूमिकांनी महाराष्ट्रातल्या बायकांना नेसण्याचे, अंबाडा घालण्याचे, गजरा माळण्याचे वळण दिले. त्यांचे स्त्रीवेषातले फोटो घरोघर गेले. या फोटोंकडे रूपाचा चमत्कार म्हणून पाहायची आपल्याला सवय लागली आहे. ते बाजूला ठेवून कामाचा पुरावा म्हणून पाहावे. नऊवारीचा पदर खांद्यावरून असा घेतलेला की पुरुषी खांद्याची रुंदी तुटावी. मनगटाचे हाड बांगड्यांखाली गेलेले. मान किंचित कललेली, त्यामुळे कंठमणी सावलीत जातो. नथ ओठाच्या वरच्या रेषेवर येते आणि नजर तिथेच अडकते. यातली एकेक गोष्ट कोणीतरी जाणून केलेली आहे. ती सगळी एकाच माणसाने आरशासमोर एकट्याने केली असेल, हे मानणे मला अवघड जाते.

फोटोच्या स्टुडिओत तर ही जुळवाजुळव आणखी कठीण होती, कारण त्या काळातली काच माणसाच्या डोळ्यासारखी पाहत नसे. तेव्हाच्या प्लेटा निळ्या रंगाला भराभर टिपत आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. रंगमंचावर गालावर खुललेली हिंगुळाची लाली फोटोत काळसर डाग होऊन उमटे, ठसठशीत कुंकू काळे पडे आणि फिक्या निळ्या शालूचा पांढरा होई. नाटकाचा मेकअप तसाच घेऊन स्टुडिओत बसले तर शकुंतला गाल बसलेली दिसायची. म्हणून रंग उतरवणारा, काचेच्या छपरातून येणारा दिवसाचा उजेड पडद्याने अडवणारा, आणि नंतर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने गालाचा खळगा भरणारा, अशा तिघांचे एकमत लागे. ही अडचण जगभर होती. हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरने नव्या, सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळा मेकअप १९२८ मध्ये काढला, म्हणजे तिथेही रसायन, रंग आणि कॅमेरा यांची तडजोड तोवर चाललीच होती. आमच्याकडच्या तडजोडीला ब्रँडचे नाव मिळाले नाही, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बालगंधर्व हे अलौकिकच होते, बाकीचे आसपास वावरणारे हरकामे. असा गळा आणि असा चेहरा कुठल्या कपडेपटातून निघतो? गळ्याबद्दल वादच नाही. पण रूपाबद्दल इतिहासानेच एक प्रयोग करून ठेवला आहे. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. त्यानंतर १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पडद्यावर पुन्हा स्त्रीवेषात आले, आणि लोकांनी तो चित्रपट उचलला नाही. माणूस तोच, गळा तोच, दिग्दर्शकही चित्रकलेतला मोठा जाणकार. मग उणे काय होते? वय पन्नाशीला टेकले होते, हे खरेच. पण वयाने थोराड झालेल्या बालगंधर्वांना रंगमंचावर प्रेक्षकांनी पुढेही वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले. उणे पडले ते अंतर आणि उजेड. प्रेक्षक आणि चेहरा यांत पंचवीस हात ठेवणारी, त्या अंतरासाठी रंग लावणारी, त्या अंतरासाठी पदर बसवणारी सगळी यंत्रणा कॅमेऱ्याने एका फटक्यात निकामी केली. त्यांचे सौंदर्य चेहऱ्यात असते तर ते कॅमेऱ्यासोबत जवळ आले असते. ते मांडणीत होते, म्हणून ते मागेच राहिले.

दुसरा आक्षेप ‘एकच प्याला’चा. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातली सिंधू दागिन्यांशिवाय, ठिगळाच्या लुगड्यात उभी राहते, आणि तरी प्रेक्षक तिच्यावरून नजर काढत नसत. मग शालू, जरी आणि अत्तर यांची गरज काय उरली? उलट हेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. रंगमंचावर फाटके लुगडे कधीच आपोआप फाटलेले नसते. ठिगळ कुठे लावायचे, किती मोठे, मूळ कापडाशी किती विसंगत, हे कोणीतरी ठरवते. ते फार मोठे झाले तर गरिबीचे सोंग वाटते, फार नीट झाले तर शिवणकामाचा नमुना. आज सौंदर्याच्या फोटोत ‘नो मेकअप लूक’ नावाचा प्रकार आहे. त्याला भरगच्च शृंगारापेक्षा जास्त वेळ लागतो, हे या धंद्यातली कोणीही मुलगी सांगेल. गंधर्व कंपनीच्या रंगपटाला ते शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. ‘द्रौपदी’सारख्या नाटकांवरच्या अफाट खर्चाने कंपनी कर्जात बुडाली, हेही लपवायचे कारण नाही. सामूहिक कारागिरी स्वस्त पडत नाही.

नागठाण्याच्याच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, आणि इथे ही कारागिरी रंगमंचावरून कागदावर उतरली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना वसवला. तिथूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले, ‘टाकाच्या फेकी’ या व्यंगचित्रांचे कर्ते. नांगर ओतणाऱ्या वसाहतीतून साडी नेसलेल्या, शिकलेल्या, उंबऱ्याबाहेर पडलेल्या बाईचे चित्र महाराष्ट्रभर जावे, ही घटनाच मजेदार आहे. अशा मासिकांची रंगीत मुखपृष्ठे तिरंगी ठोकळ्यांवरून छापली जात. आधी पिवळा, मग लाल, मग निळा. कागद यंत्रावर केसभर सरकला की लाल रंग ओठांवरून हनुवटीवर उतरे आणि चित्रकाराच्या पंधरा दिवसांच्या कष्टाचे मातेरे होई. तेव्हा मुखपृष्ठावरची सुंदर बाई चित्रकाराइतकीच मशीनमनचीही असते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. ‘चित्ररामायण’ काढणाऱ्या आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देणाऱ्या या राजाला सीता-द्रौपदींनी नेसायचे काय, हा प्रश्न भाष्याइतकाच गंभीर वाटे. संस्थानाच्या गादीवर बसून वेशभूषेचा विचार करणारा माणूस याच परिसरात झाला, हे सांगितलेच पाहिजे.

आता तिसरा आक्षेप, जो मला खरोखर अडवतो. मंडळी, मंडळी म्हणून गौरव करायचा, पण त्या मंडळीत बाई कुठे होती? बाईचे रूप कसे असावे हे पुरुषांनी ठरवले, पुरुषाने ते धारण केले आणि बायकांनी त्याची नक्कल केली. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की ही कोंडीही इथल्याच माणसांनी फोडायला घेतली. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहिली. तिला नऊवारी नेसवून बाई करायला कोणी लागत नव्हते. पण तिच्या रूपाची कीर्तीही ढोलकीवाला, झीलकरी आणि लावणी रचणारा शाहीर यांनी मिळून उभारलेली होती. आणि ज्या १९०५ साली बालगंधर्व मिरजेत शकुंतला झाले, त्याच वर्षी मिरजेतच हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. पुढे भावंडांना घेऊन त्यांनी नाटक कंपनी काढली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या ठेवल्या. त्यामुळे मंडळी मोडली नाही, तिच्यातले लोक बदलले. आज सांगली-साताऱ्यात नवरी सजवणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत आणि फोटोखालच्या यादीत त्यांचे नाव फोटोग्राफरच्या आधी येते. नाटक कंपन्यांच्या हँडबिलांवर नट, नाटककार, मालक यांची नावे ठळक असत. सफेदा घोटणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही. त्या काळाचा खरा दोष कोणता म्हणाल, तर मला हाच वाटतो.

म्हणून एक विनंती. सांगली, मिरज, विटा, वाई, कराड या गावांतल्या जुन्या घरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत नाटक मंडळ्यांचे, लग्नांचे, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो अजून पेट्यांत आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते दाखवा. फोटोत कोण आहे एवढेच विचारू नका. साडी कोणी नेसवली, टोप कोणी बसवला, पडदा कोणाचा होता, हेही विचारा. मिळतील ती नावे फोटोच्या मागच्या बाजूला कडेला, मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनाने लिहू नका, शाई पुढे फुटते.