निर्वासितांचे नवे घर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात उभ्या राहिलेल्या बराकींत पाठोपाठ दोन निर्वासित समाज राहिले. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे होती. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडले होते. तिथून सुटून ती इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. धडधाकट पुरुष सैन्यात गेल्यामुळे त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक होती. ती गेली आणि फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेली कुटुंबे त्याच जागी उतरली. वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.

जागा तीच, भिंती त्याच, शेजारीही तेच. तरी पहिल्या समाजाने स्वतःच्या भाषेतल्या शाळा, चर्च, स्काउट पथके आणि नाटके उभारून परतीची वाट पाहिली, तर दुसऱ्याने दुकाने थाटली. हा फरक कशामुळे पडला? स्वभावामुळे, असे उत्तर चटकन सुचते आणि ते अपुरे असते. पोलिश छावणीचा खर्च युद्धकाळात लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार उचलत होते. युद्ध संपले की घरी जायचे, हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. पुढे पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला आणि बहुतेकांना परतायला घर उरले नाही, ही गोष्ट वेगळी. सिंधी मात्र नागरिक म्हणून आले होते. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. आपला म्हणावा असा प्रांतच इकडे उरला नव्हता, म्हणून जिथे उतरलो तिथेच जगायचे हे ठरून गेले. माणसे नव्या जागी कशी रुळतात हे त्यांच्या अंगच्या गुणांइतकेच त्यांच्यापुढे उघडलेल्या वाटांवर अवलंबून असते. निर्वासितांच्या रुळण्याच्या अभ्यासाचा पाया इथे आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. तो विद्यार्थी असो, तहसील कार्यालयातला कर्मचारी असो, किंवा वर्गात वेगळ्या भाषेचे मूल येऊन बसले म्हणून गोंधळलेला शिक्षक असो.

शास्त्र म्हणून हे क्षेत्र तरुण आहे. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा हॅरेल-बाँड यांनी 1982 मध्ये निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. मदत वरून लादली की ती घेणाऱ्याचे बळ कसे खच्ची करते, हे त्यांनी सुदानमधल्या अनुभवावरून 1986 मध्ये मांडले. लीसा माल्की यांनी टांझानियातल्या हुटू निर्वासितांचा अभ्यास केला. छावणीत राहिलेल्यांनी आपला इतिहास घट्ट धरून ठेवला होता. शहरात पांगलेल्यांनी परिस्थितीप्रमाणे अनेक ओळखी घेतल्या होत्या. अ‍ॅलिस्टर एजर आणि अ‍ॅलिसन स्ट्रँग यांनी 2008 मध्ये एक उपयुक्त चौकट दिली. काम, घर, शिक्षण आणि आरोग्य ही रुळल्याची दिसणारी खूण. आपल्या माणसांशी, शेजाऱ्यांशी आणि शासनाशी जुळलेली नाती हा दुवा. भाषा आणि सुरक्षितता ही साधने. आणि सर्वांच्या तळाशी हक्क व नागरिकत्व.

महाराष्ट्रातही या विचाराला पूर्वपीठिका आहे. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. ते लोक देशाबाहेरून आलेले नव्हते, पण घर हरवलेल्याचे पुढे काय होते हा प्रश्न घरोघरी जाऊन विचारण्याची शिस्त तिथून शिकता येते.

ही प्रस्तावना मध्य प्रदेशातल्या सावरगावातून लिहितो आहे, आणि या अभ्यासाला ही जागा सोयीची आहे. जाम नदीपलीकडे पांढुर्णा आहे. तिथून रेल्वेने आग्नेयेला निघाले तर नागपूर लागते. तिथल्या जरीपटक्यात सिंधी कुटुंबे फाळणीनंतर वसली. उत्तरेला बैतूल जिल्ह्यात चोपना परिसर आहे. तिथे पूर्व बंगालमधून आलेल्या शेतकऱ्यांना जमिनी देऊन वसवण्यात आले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले, त्यामुळे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हे इथल्या माणसाला नवे नाही. आमचे घर कोणी हिसकावले नाही, म्हणून निर्वासितांच्या दुःखाशी बरोबरी करता येणार नाही. पण अर्ज दुसऱ्या भाषेत लिहिताना जीभ कशी अडखळते, एवढे आम्हाला कळते.

याच पट्ट्यातली आणखी दोन उदाहरणे पाहावीत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. तिथली माणसे शेती करतात आणि हिवाळ्यात शहरांतून स्वेटर विकतात. मठ, भाषा, सण त्यांनी जपले. शेजाऱ्यांशी व्यवहारही जुळले. कागदावर मात्र अनेक जण आजही परदेशी आहेत. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेल्यांना कायद्याने नागरिकत्व आहे, पण ते मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा भागातल्या बंगाली कुटुंबांचे उलटे झाले. नागरिकत्व मिळाले, जमीन मिळाली. पण त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र, ज्यांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, इथे अनुसूचित जातींच्या यादीत नाहीत.

पोलिश, सिंधी, तिबेटी आणि बंगाली ही चार उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते, आणि मला या प्रस्तावनेत तीच सांगायची आहे. नव्या माणसाने इथल्यासारखे बोलावे, इथल्यासारखे जेवावे, यावरून त्याचे रुळणे मोजू नये. त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक किती लवकर मिळाली, हे मोजावे. धान्य आणि तंबू पहिल्या महिन्यांत प्राण वाचवतात. त्यानंतर लागतो तो काम करण्याचा परवाना, मुलाच्या शाळेचा दाखला, बँकेचे खाते, आणि ही जागा उद्या कोणी हिसकावणार नाही याची खात्री. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून ही खात्री समाजागणिक, अनेकदा जिल्ह्यागणिक, बदलते. अभ्यासकाने पहिली नजर तिथेच टाकावी.

अभ्यासाला निघताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, कुटुंबप्रमुखाशी बोलून वही मिटू नये. दवाखाना, बाजार आणि शाळा यांच्याशी रोजची गाठ बाईची पडते, आणि नवी भाषा बहुधा मूल आधी शिकते. मग दहा वर्षांचे पोर आईबापांचे दुभाषी होते आणि घरातला अधिकार उलटा होतो. दुसरे, यजमान गावाचेही ऐकावे. वाटून दिलेल्या जमिनीवर पूर्वी कोणाची गुरे चरत होती, जंगलावर कोणाचा हक्क होता, हे विचारल्यावाचून पुनर्वसनाचा हिशेब पुरा होत नाही. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात तर हा प्रश्न टाळणे अन्याय ठरेल. तिसरे, ज्याची कहाणी घेतली त्याला तिचा उपयोग काय होणार हे आधी सांगावे, आणि तो नको म्हणाला तर थांबावे.

सुरुवात करायला दूरच्या ग्रंथालयाची वाट पाहू नका. आपल्या तालुक्यात बाहेरून येऊन वसलेली वस्ती कोणती, तिला जमीन कोणत्या वर्षी आणि कोणत्या अटीवर मिळाली, तिच्यातल्या तिसऱ्या पिढीच्या हाती आज कोणती कागदपत्रे आहेत, एवढे तीन प्रश्न घेऊन निघा. त्यांची खरी उत्तरे मराठीत फार थोडी लिहिली गेली आहेत. ती लिहिणारे जितके वाढतील, तितके पुढच्या वेळी दारात येणाऱ्या माणसाला आपण अधिक समजून मदत करू.