फ्राम जहाजातली ऊब

श्रोतेहो, थंडीच्या दिवसांत पहाटे दाराच्या लोखंडी कडीला हात लावून पाहिलाय ना? फळी तेवढी गार लागत नाही, कडी मात्र अंगावर शहारे आणते. रात्रभर दोघी एकाच हवेत असतात. पण लोखंड हातातली ऊब झरझर ओढून घेते, लाकूड तिला अडवून धरते. लाकडापेक्षा लोखंडातून उष्णता शेकडो पटींनी लवकर वाहते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची हकिगत उमजेल.

एकोणिसाव्या शतकात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जहाजे बर्फात अडकून हिवाळा काढीत. त्यांवरच्या माणसांचा एक मोठा वैरी जहाजाच्या आतच असे. तो म्हणजे ओलावा. माणसांचा श्वास, शिजणारे अन्न यांची वाफ गार भिंतीला लागे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसेच भिंतीवर पाणी सुटे. ते बिछान्यात ओघळे आणि तिथेच गोठे. गादीची बर्फाची लादी होई हो!

नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांना तर मुद्दाम बर्फात गोठून वाहत जायचे होते. त्यांच्यासाठी कॉलिन आर्चर यांनी लार्विक गावी ‘फ्राम’ जहाज बांधले. फ्राम म्हणजे ‘पुढे’. १८९२ साली ते पाण्यात उतरले. बर्फाने दाबले तर वर उचलले जावे असा त्याचा गोल घाट फार वाखाणला जातो. मला मात्र त्याच्या भिंतींचे कौतुक अधिक.

बाहेरच्या भिंतीला आतून डांबरी नमदा, मग बुचाचा भर, त्यावर फळ्या, पुन्हा जाड नमदा, मग लिनोलियम आणि शेवटी आतली फळी. आता हे लिनोलियम ऊबेच्या बाजूला का? आतली दमट हवा थरांत शिरून गार जागी पाणी होऊ नये म्हणून. तक्तपोशी तर सुमारे पंधरा इंच जाड. तिच्यात रेनडियरचे केसही भरले होते. उजेडाच्या झरोक्याला एकामागे एक तीन काचा. मधल्या दालनाभोवती निजायच्या खोल्या होत्या, त्यामुळे दालनाला बाहेरची भिंत फारशी लागत नसे.

भिंत हातभर जाड करा, पण तिच्यातून एक लोखंडी बोल्ट आरपार गेला, की ऊब त्याच वाटेने पळते आणि दंव नेमके तिथे जमते. अशा जागेला आज बांधकामशास्त्रात ‘उष्णतेचा पूल’ म्हणतात. म्हणून थर जाड असून भागत नाही. ते तुटकही असू नयेत.

गुरुजी, वर्गात करून दाखवा: एक लांब खिळा आणि तेवढीच काडी, दोघांच्या टोकाला मेण लावून दुसरी टोके गरम पाण्यात धरा. मेण आधी कुठले सुटते ते मुलांनाच सांगू द्या.

सप्टेंबर १८९३ मध्ये फ्राम बर्फात गोठले. तेरा माणसे त्यावर होती. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहानसेन ध्रुवाकडे निघाले, बाकीचे जहाजावरच राहिले. ऑगस्ट १८९६ मध्ये जहाज मोकळे झाले. बाहेर पारा गोठणबिंदूच्या खूप खाली असतानाही अनेकदा शेगडी लागत नसे, आणि पेटवली तरी भिंतींवर ओल दिसत नसे, असे नान्सेन यांनी लिहून ठेवले आहे. तेरांपैकी सगळेच्या सगळे घरी परतले. ते जहाज आज ऑस्लोच्या संग्रहालयात उभे आहे.