छिन्नमनस्कता आणि औषधोपचारातील सातत्य

छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया या दीर्घकालीन मानसिक आजारात डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे योग्य मात्रेत व पुरेसा काळ घेत राहणे, याला औषधोपचारातील सातत्य म्हणतात. औषधे बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, तरीही उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाण मोठे आहे. अमेरिकेतील 'केटी' या अभ्यासात (२००५) सुमारे १,५०० रुग्णांपैकी ७४ टक्के रुग्णांचे प्रथम दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत थांबले. पुरेसा गुण न येणे, दुष्परिणाम आणि रुग्णाचा स्वतःचा निर्णय ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

आजाराशी संबंधित घटक

अनेक रुग्णांना आपण आजारी आहोत याची जाणीव नसते. हा हट्ट नसून आजाराचाच भाग असतो. औषधात विष आहे असा संशय, विस्मरण, निरुत्साह आणि व्यसने यांमुळेही खंड पडतो. औषध थांबवल्यावर त्रास बहुधा लगेच उलटत नाही; त्यासाठी काही आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. त्यामुळे 'औषधाविना बरे वाटते' असा समज दृढ होतो.

औषधांशी संबंधित घटक

वजन वाढणे, सुस्ती, हातापायांचा कंप, अस्वस्थता व लैंगिक समस्या या दुष्परिणामांमुळे रुग्ण औषध सोडतात. दिवसातून अनेकदा गोळ्या घ्याव्या लागणे हीदेखील अडचण ठरते.

सामाजिक घटक

खर्च, रुग्णालयाचे अंतर, बुडणारी मजुरी, लोकलज्जा आणि विवाह जुळण्याविषयीची चिंता यांचा परिणाम होतो. भारतात बहुसंख्य रुग्ण कुटुंबासोबत राहतात. घरच्यांची देखरेख उपयुक्त ठरते. मात्र अन्नातून नकळत औषध दिल्यास व ते उघड झाल्यास रुग्णाचा विश्वास तुटू शकतो.

उपाय

दुष्परिणामांची मोकळेपणाने चर्चा, मात्रेत किंवा औषधात बदल, कुटुंबाचे समुपदेशन आणि काही आठवड्यांच्या अंतराने द्यावयाची दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शने हे प्रमुख उपाय आहेत. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याविषयी आगाऊ लेखी निर्देश देता येतो. त्यामुळे प्रकृती स्थिर असताना रुग्णाला उपचारांच्या निर्णयात सहभागी होता येते.