बंदुकीचा नेम आणि कारागिराचा मेळ

शस्त्रांचा इतिहास लिहितांना शस्त्र चालविणाराचें नांव आवर्जून लिहिलें जातें. घडविणाराचें नांव क्वचितच. लढाई कोणीं जिंकली, वाघ कोणीं मारला, हें बखरींत आणि गॅझेटियरांत सांपडतें. परंतु ज्या नळींतून ती गोळी सुटली ती नळी सरळ कोणीं केली, असें विचारणारा विरळा. पांचाळ समाजाच्या स्मरणिकेंत हा प्रश्न अप्रस्तुत ठरूं नये. लोखंडाचें काम लोहाराचें, लाकडाचें सुताराचें आणि ओतीव धातूचें तांबटाचें. या तिन्ही विद्या बंदुकींत एकत्र येतात. तिचा नेम दारूच्या जोरावर नव्हे, तर या विद्यांच्या परस्पर मेळावर अवलंबून असतो. हेंच एक विधान येथें मांडावयाचें आहे.

प्रारंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करूं. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या अहमदनगरांत निजामशाहीच्या काळीं, १५४९ मध्यें, मुहम्मद रूमी या उस्तादानें ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ ओतली. लांबी सुमारें १४ फूट, तोंडाचा आंतील व्यास सुमारें सव्वादोन फूट, वजन सुमारें ५५ टन. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. अशा ओतकामांत सांच्याच्या मध्यभागीं जो गाभा उभा करतात, तो केसभर कलला तरी नळी एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास पातळ होते. म्हणजे ‘मध्य साधणें’ ही या विद्येची पहिली पायरी होय. तोफेवर उस्तादाचें नांव कोरलेलें आहे. भाता ओढणारांची नांवें नाहींत.

तोफेला शत्रूचा जमाव लक्ष्य म्हणून पुरे. शिकाऱ्याच्या बंदुकीस मात्र एका बोटाएवढी जागा साधावी लागते. म्हणून नळीची खरी परीक्षा लहान हत्यारांत होते. अकबराच्या कारखान्यांतील बंदुकांचें वर्णन ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत आहे. पूर्वी लोखंडी पत्रा वळवून त्याच्या कडा जोडीत. पुढें पत्र्यास तिरपा पीळ देऊन नळी जोडण्याची रीत आली. बैलानें फिरविलेल्या एका चाकावर १६ नळ्या एकाच वेळीं आंतून साफ करीत. शेवटीं नळीवर लोखंडाचें वजन, लोखंड कोठलें, बंदूक कोठें व केव्हां झाली, तिचा क्रमांक आणि कारागिराचें नांव कोरीत. जो आपलें नांव कोरतो तो काम सैल सोडीत नाहीं, हें त्या कारखान्यास उमगलें होतें.

नळीच्या आंत पिळाचे चर पाडले म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व मार्ग सोडीत नाहीं. या तत्त्वाची शास्त्रीय मांडणी इंग्लंडांत बेंजामिन रॉबिन्स यानें १७४० नंतरच्या दशकांत केली. चरांची १८५३ ची एन्फील्ड रायफल व तिचीं चरबी लावलेलीं काडतुसें १८५७ च्या उठावाचें एक निमित्त झालीं. आपल्या भागांतही त्याच सालीं ४ ऑक्टोबर रोजीं नांदूर शिंगोटें येथें भागोजी नाईक यांच्या भिल्लांशीं झालेल्या चकमकींत लेफ्टनंट हेन्री हा पोलिस अधिकारी मारला गेला. सरकारनें यांतून जो धडा घेतला, त्याची परिणति १८७८ च्या शस्त्र कायद्यांत झाली. परवान्यावांचून शस्त्र बाळगणें तर गुन्हा ठरलेंच, परंतु तें घडविणें व त्यांत फेरफार करणेंही गुन्हा ठरलें. शिकाऱ्याची बंदूक कागदावर चढली. कारागिराची विद्या मात्र ऐरणीवरून उतरली. गांवचा लोहार फाळ, विळा आणि गाडीची धाव यांपुरता उरला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आणखी एक बंधन आलें. लष्करी मापाचें काडतूस बंडखोरांच्या हातीं जाऊं नये म्हणून .३०३ व .४५० या मापांच्या रायफली हिंदुस्थानांतील खाजगी शिकाऱ्यांस बंद झाल्या. तेव्हां विलायतेंतील कारखानदारांनीं .४६५, .४७० अशीं नवीं मापें काढून त्यांप्रमाणें नळ्या व कोठ्या कापल्या. ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसावरून .३१५ हें माप आपल्याकडे रूढ झालें, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें त्या मापाच्या शिकारी रायफली तयार केल्या. कायद्यानें माप बदललें कीं कारागिरास कोठी नव्यानें कापावी लागे. आणि कोठी नवी झाली कीं नेमाचा प्रश्न नव्यानें उभा राही.

कोठी म्हणजे नळीच्या मागील टोकाशीं काडतूस बसण्याची जागा. तिचा मध्य व नळीचा मध्य एका रेषेंत हवा. तो ढळला तर गोळी चरांत तिरपी शिरते आणि बाहेर पडल्यावर डगमगते. कोठी सैल असेल तर पितळेचें काडतूस अवाजवी फुगतें. काडतुसाचें बूड व त्यामागील खटका यांत फट राहिली तर तें फाटण्याचें भय असतें. कोठी व चर यांमधील गळा जेवढा लांब, तेवढी गोळी आधारावांचून धांवते.

दुसरा मेळ लोखंड व लाकूड यांचा. अक्रोडाचा दस्ता पावसाळ्यांत फुगून नळीस एका बाजूनें दाबतो. चैत्रांत जमविलेली माशी मग श्रावणांत खोटी ठरते. उपाय असा कीं, यंत्राची बैठक दस्त्यांत घट्ट असावी व पुढें नळीच्या सभोंवार लाकूड किंचित् कोरून मोकळें ठेवावें. तिसरें स्थान नळीच्या तोंडाचें. तेथील कडेस लहानसा खवला पडला तरी वायु एका अंगानें आधीं सुटून गोळीस ढकलतो. तोंडाकडून निष्काळजीपणें गज घालून पुसलेल्या कित्येक उत्तम नळ्या याच कारणानें बिघडतात.

परीक्षेची रीतही सुताराच्या ओळंब्यासारखी सरळ आहे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच घाणीचीं पांच काडतुसें झाडावींत. पांचही खुणा एकमेकींजवळ पण मध्यापासून दूर पडल्या, तर दोष माशीचा. खुणा विखुरल्या, तर दोष नळीचा, बैठकीचा, काडतुसाचा वा हाताचा; मग एका वेळीं एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावें. शंभर यार्डांवर ३ इंचांचा विखार दोनशें यार्डांवर निदान ६ इंचांचा होतो, आणि तेवढ्यांत नेमकें मरण व जखमी जनावराची रात्रभरची तडफड यांतील अंतर सामावलेलें असे.

आज शिकारीचें युग संपलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पूर्णविराम दिला, आणि कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें, हें योग्यच झालें. परंतु नेमाची विद्या संपली नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफल त्रिस्थिति प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. त्या प्रकारांत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें असतें, आणि कोणत्या घाणीचें काडतूस कोणत्या नळीस मानवतें हें आधीं झाडून पाहावें लागतें. मापें बदललीं, मेळ तोच आहे.

१९५९ च्या कायद्यान्वयें आजही बंदूक घडविण्यास, बदलण्यास वा दुरुस्त करण्यास परवाना लागतो, व तें रास्त आहे. आपल्या तरुणांनीं बंदुका घडवाव्या असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु तापलेली लोखंडी धाव लांकडी चाकावर चढवितांना ती पुठ्ठ्यांच्या घेरापेक्षां किती कमी धरावी, हें ज्यांना सूत न लावतां कळतें, ते वृद्ध लोहार-सुतार आपल्यांत अद्याप आहेत. रबरी चाकें आल्यापासून त्यांना कोणी विचारीत नाहीं. त्यांच्या हातांतलें तें ज्ञान आणि कोठी कापणाराचें ज्ञान एकाच जातीचें आहे: एक वस्तु दुसरींत न सैल, न ओढून, नेमकी बसविण्याचें. तें गेलें तर कायद्याला दोष देतां येणार नाहीं, कारण या वेळीं तें आपल्याच दुर्लक्षानें गेलेलें असेल.

म्हणून समाजबांधवांस विनंति एवढीच, कीं प्रत्येक गांवीं अशा कारागिरांजवळ बसून त्यांचीं मापें, हत्यारांचीं नांवें व कामाच्या रीती लिहून घ्याव्यात. आणि यंत्रशाळांत काम करणाऱ्या आपल्या मुलांनीं, ज्या कामावर आपलें नांव कोरण्यास संकोच वाटेल तें काम हातावेगळें झालें असें समजूं नये.