राब, कल्हई आणि किण्वन : प्रक्रियावाचक शब्दांच्या इतिहासाचा एक विचार

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील रिहे हे गाव भाताच्या मुलखात वसलेले आहे. या मुलखातील शेतीचे वर्ष केवळ शब्दांनी मांडावयाचे झाल्यास ते असे होईल : राब भाजणे, पेरणी, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी, उफणणी व कांडणी. यांतील बहुतेक शब्द एकाच ठशाचे आहेत. धातूला ‘णी’ हा प्रत्यय लागला की क्रियेचे नाव सिद्ध होते. शास्त्रीय, नैसर्गिक व औद्योगिक प्रक्रियांच्या इंग्रजी नावांना मराठी प्रतिशब्द देण्याचा जो उद्योग सुमारे दोन शतके चालू आहे, त्याचा विचार करताना ही घरची टांकसाळ प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

या उद्योगाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तर त्याचा व कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. दरम्यान १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिकाद्वारे सृष्टिज्ञानाचे विषय मराठीत आणले. कोशकारांची दृष्टी संग्राहकाची होती. एका इंग्रजी शब्दापुढे व्यवहारातील अनेक मराठी शब्द ते मांडीत. अध्यापकाला मात्र एका अर्थाला एकच शब्द हवा होता, आणि तो संस्कृतातून घडविणे सुकर होते. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय स्थापन झाले आणि या कामास शासकीय अधिष्ठान लाभले. १९७३ साली मराठी विश्वकोशाचा परिभाषा संग्रह प्रसिद्ध झाला.

संस्कृताचा आश्रय केवळ पांडित्यापोटी घेतला गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘इव्हॅपोरेशन’ हा एकच इंग्रजी शब्द पाणी आपोआप आटते तेव्हाही चालतो आणि कारखान्यात ते आटविले जाते तेव्हाही चालतो. संस्कृतातील च्वि-रूपांमुळे बाष्पीभवन व बाष्पीकरण असे दोन शब्द मिळाले. एक निसर्गाचा, दुसरा कर्त्याचा. परंतु हाच विवेक मराठीत पूर्वीपासून नांदत होता. आटणे व आटवणे, गोठणे व गोठवणे, आंबणे व आंबवणे या जोड्या त्याची साक्ष देतात. ‘फर्मेंटेशन’साठी ‘किण्वन’ हा शब्द स्वीकारताच हा भेद लोपला. विश्वकोशातील नोंदींत ‘किण्वन’ या शब्दाजवळ ‘आंबणे’ असा खुलासा करावा लागतो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मराठीत पाणी गाळतात आणि दारूही गाळतात. पहिली क्रिया वस्त्राने होते, तर दुसरीस अग्नी व वाफ लागते. रसायनशास्त्राला हा संदेह परवडत नाही. म्हणून ‘गाळण’ एकीकडे व ‘ऊर्ध्वपातन’ दुसरीकडे अशी वाटणी करणे अवश्य होते. ‘ऑक्सिडीकरण’ ही संकल्पना तर येथील व्यवहारात नव्हतीच. तेथे नवा शब्द घडविण्यावाचून गत्यंतर नव्हते. मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यास कथिलाचा थर देण्याच्या क्रियेला ‘कल्हई’ हा निःसंदिग्ध शब्द असताना ‘कथिलीकरण’ रूढ करण्याने ज्ञानात कोणती भर पडली, हे सांगणे कठीण आहे.

याउलट एक उदाहरण रिह्याच्या परिसरातील शेतीनेच पुरविले आहे. उन्हाळ्यात रोपांच्या जागी फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जाळावयाचे, आणि पाऊस येताच तेथे भाताचे बी टाकावयाचे, या रीतीस ‘राब’ म्हणतात. तीत तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते व तापलेल्या मातीचा पोत पालटतो. या समग्र क्रियेला इंग्रजीत शब्द नव्हता. म्हणून हॅरल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली या पद्धतीवरील इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘राब’ हाच शब्द ठेविला. येथे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राने मावळातील शेतकऱ्याची परिभाषा स्वीकारली आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. प्रक्रिया ज्यांच्या हातची, नाव त्यांच्या तोंडचे. कोशकार त्या नावाची नोंद करतो. ते जन्मास घालण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. परंतु याच नियमाची दुसरी बाजू चिंताजनक आहे. प्रक्रिया लोपली की नावही लोपते. याच तालुक्यात १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. तरीही टाटांचे धरण झालेच, आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. आज रिह्याच्या पूर्वेस हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे, आणि शेतजमिनीचा बाजार तेजीत आहे. आवणी व उफणणी हे शब्द पुढील पिढीस कोशातच भेटण्याचा संभव आहे.

परिभाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन कामे जोडीने करावीत. नवा शब्द घडविण्यापूर्वी ती क्रिया आपल्या मुलखात कोणी करीत होते काय, याचा शोध घ्यावा. आणि तो शब्द सांगणारी माणसे हयात आहेत तोवर तो टिपून ठेवावा. यांतील पहिल्या कामास थोडा विलंब चालेल, दुसऱ्यास चालणार नाही.