झोपेचा नकाशा

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणारी वाट पाण्याखालच्या खडपांमधून जाते. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं, तेव्हापासून ही खडपं त्याच्या संरक्षणातच सामील आहेत. वाट माहितगार तांडेलाला ठाऊक, परक्या गलबताला नाही. आज त्या तांडेलाच्या खिशात जो मोबाइल असतो, त्याच्या प्रोसेसरची स्थितीही बरीच वर्षं अशीच होती. काम नसताना चिपचा कुठला भाग बंद करता येतो, किती खोल झोपवता येतो, हे चिप बनवणाऱ्याला ठाऊक, नाहीतर एकेका बोर्डासाठी लिहिलेल्या कोडमध्ये दडलेलं. हे ज्ञान कर्नल या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यवर्ती भागाबाहेर, वाचता येईल अशा वर्णनात उतरलं, ही संगणकाच्या इतिहासातली दुर्लक्षित पण मोठी घटना आहे. त्यातही वर्णनाचं बळ एका गोष्टीत आहे: ते काय करायचं हे सांगत नाही, काय खर्च येईल हे सांगतं.

१९९२ च्या एपीएम या वीजव्यवस्थापनाच्या मानकात बरीचशी सूत्रं बायोस या संगणकातल्या फर्मवेअरच्या हाती होती आणि ऑपरेटिंग सिस्टिमला आतलं फारसं कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे पुढचं मानक आणलं, तेव्हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला; पण हार्डवेअरच्या वर्णनाबरोबर फर्मवेअरने दिलेला छोटा प्रोग्रामही कर्नलला चालवावा लागे. नकाशाबरोबर वाटाड्याही गलबतावर चढला म्हणायचा. आणि वाटाड्या विंडोजच्या सवयीचा! म्हणून लिनक्सला फर्मवेअरपुढे आपण विंडोज असल्याची बतावणी करावी लागली. मोबाइलमधल्या एआरएम चिपच्या जगात उलट रोग होता: प्रत्येक बोर्डाचा तपशील थेट कर्नलमध्येच. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स या पसाऱ्यावर उघडपणे चिडले, आणि १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकातून आलेल्या डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे हार्डवेअरच्या निव्वळ वर्णनाकडे, एआरएमची मंडळी झपाट्याने वळली. पुढे झोपेच्या अवस्थाही त्यात लिहिल्या जाऊ लागल्या: आत जायला किती मायक्रोसेकंद, जागं व्हायला किती, आणि किमान किती वेळ झोपलं तर वीज वाचते. हा तिसरा आकडा महत्त्वाचा. समजा, खोल झोप १००० मायक्रोसेकंदांशिवाय परवडत नाही आणि पुढचा टायमर ३०० वर वाजणार आहे, तर तिथे शिरणं तोट्याचंच. हा हिशेब कर्नल स्वतः करतो, वर्णन फक्त आकडे पुरवतं.

यावर आक्षेप असा, की आकडे कंपनीच देते, ते चुकीचे असले तर? असतातही. पण मजकुरातला चुकीचा आकडा दिसतो, त्यावर वाद घालता येतो, तो दुरुस्त करता येतो. फर्मवेअरच्या पोटातली चूक हुडकायला वर्षं जातात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एआरएमवरही प्रोसेसरच्या गाभ्याला प्रत्यक्ष झोपवण्याचं काम बहुधा पीएससीआय या ठरलेल्या दरवाजातून फर्मवेअरच करतं. मग वाटाड्या गेला कुठे? तो गेलेला नाही, हे मान्य करायला हवं. फरक एवढाच, की कुठल्या झोपेत आणि केव्हा शिरायचं हे आता कर्नल ठरवतो, आणि फर्मवेअरला हाक देताना कुठली अवस्था हवी याचा सांकेतिक आकडाही त्याच वर्णनातून उचलतो.