त्रेसष्ट रस

सहा रसांच्या मिश्रणांतून एकंदर किती चवी संभवतात, हा प्रश्न आचाऱ्याला सुचावा असा आहे. परंतु आपल्या जुन्या वाङ्मयात तो वैद्याने मांडलेला दिसतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे, आणि योगायोग असा की तो अध्यायही त्रेसष्टावा. गोडाची जोडी उरलेल्या पाचांशी, आंबटाची पुढल्या चारांशी, खारटाची तिघांशी, तिखटाची दोघांशी आणि कडूची एकट्या तुरटाशी. अशा जोड्या १५ होतात. याच क्रमाने त्रिके २०, चौकडी १५, पंचके ६. सहा एकेरी आणि सहांचे मिळून एक धरले की बेरीज ६३. येथे सूत्र नाही, आहे ती यादी. दोषानुसार रसांची योजना करणाऱ्या वैद्याच्या हातून एखादे मिश्रण निसटू नये, एवढीच त्या मोजणीची निकड.

चरकालाही ६३ हा आकडा ठाऊक होता. मात्र रसांचे कमीअधिक प्रमाण लक्षात घेतले की ते भेद संख्येच्या पलीकडे जातात, असे तो लगेच बजावतो. मला ही पुस्ती त्या आकड्याहून मोलाची वाटते.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हाच विचार सुगंधी द्रव्यांना लावला. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार त्याने १८२० सांगितले. गंधी प्रमाणाला बिचकत नाही: एक, दोन, तीन व चार असे भाग ठरले की एकाच चौकडीचे २४ गंध होतात.

नवव्या शतकात महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात सर्वसाधारण नियम येतो. सहाला एकाने भागा; आलेल्या सहांना पाचाने गुणून दोहोंनी भागा, १५; त्यांना चाराने गुणून तिहींनी भागा, २०. यादी करण्याचे कष्ट संपले. हे सारे पास्कालच्या आधीचे म्हणून छाती फुगविण्याचे कारण नाही. १६५४ साली पास्काल व फर्मा यांना जुगारातील डावाच्या वाटणीने या वाटेवर आणले. प्रश्नच निराळा होता.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) राजवाड्याची आठ द्वारे कितीपरींनी उघडी ठेवता येतील, असे विचारले आहे, उत्तर २५५. त्याच श्लोकात सहा रसही आहेत. पण तेथे रोगी नाही, दोष नाहीत आणि चरकाची ती पुस्तीही नाही. एक व्यंजन आहे आणि त्याचे ६३ प्रकार.